मागं काही आहे असं वाटतच नाही

"डॅड, हा ट्रेलर तू कधी काट्यावर चढवलास का?"

प्रश्न डिलेनीचा नव्हता. शाळेत तिच्याबरोबर वजनं उचलणाऱ्या मॅकेना आणि कायलानं तिच्याशी पैज लावली होती, की शनिवारी निघताना सगळ्या गल्लीसमोर हे विचारलंस तर पुढच्या स्पर्धेत दिवसभर तुझी बॅग आम्ही उचलू. मॅकेनाचा बाप अठरा चाकी ट्रक हाकतो, त्याला दिवसातून दोनदा वजनकाट्यावर उभं राहावं लागतं, आणि त्यानं गुरुवारी ऊनरूंच्या, म्हणजे डिलेनीच्या दारातला तो पांढरा चौतीस फुटी डबा आणि त्याला जोडलेली पिकअप बघून खिडकीतूनच हसत म्हटलं होतं, "ही पिकअप बसल्यासारखी दिसतेय. कुत्रं बसतं तशी." म्हणून पैज. डिलेनीनं प्रश्न विचारला तेव्हा हातात कॉफीचे मग घेऊन अर्धा डझन बाप्ये ट्रेलरभोवती उभे होते. विचिटातल्या त्यांच्या गल्लीत कुणी ट्रेलर जोडायला घेतला की बाप्ये असे आपोआप जमतात, कुणी बोलवावं लागत नाही. ते साखळ्या बघतात, जोडाला बुटाच्या टोकानं टोचतात, टायरवर थाप मारतात आणि मान हलवतात. प्रश्न ऐकून सगळ्यांच्या माना थांबल्या. इकडच्या पुरुषाला त्याची कमाई विचारली तरी तो एक वेळ चालवून घेईल, ट्रेलरचं वजन विचारलेलं नाही. व्हर्लिन ऊनरूनं मात्र मोठ्यानं हसून मुलीच्या खांद्यावर हात टाकला. "बाळा, तुझा बाप तेवीस वर्षं विमानं तोलतोय. हा डबा म्हणजे काय! सगळं वजनात आहे." माना पुन्हा हलल्या. शेजारच्या लॉयडनं विचारलं, "ओढताना कसं वाटतं, व्हर्लिन?" आणि व्हर्लिननं ते ठरलेलं उत्तर दिलं, जे हे सगळे एकमेकांना देतात, "अरे, मागं काही आहे असं वाटतच नाही!"

मागं काही आहे असं वाटतच नाही, तर मग मार्चपासून घरात दुसऱ्या कशाविषयी बोलणं का नाही, हे डिलेनीला विचारायचं होतं, पण त्याची पैज नव्हती. ट्रेलरच्या अंगावर तपकिरी लाट रंगवलेली होती आणि लाटेवर एक गरुड. आत विजेची खोटी शेकोटी. बटण दाबलं की प्लास्टिकच्या लाकडांमागे नारिंगी फडफड सुरू व्हायची आणि तिच्या वरच टीव्ही. म्हणजे माणसांनी कोलोराडोच्या डोंगरात जायचं, दार लावून घ्यायचं आणि टीव्हीवर डोंगर बघायचे. दोन सोफे. बेसिनचे दोन नळ. "घरातलं सगळं आहे बघ," असं मॉम मैत्रिणींना फोनवर सांगायची, आणि डिलेनीला वाटायचं, मग घरातच बसा ना! घराला निदान चाकं नाहीत. सहा आठवड्यांची सहल, या डब्यातून. ऑगस्टअखेर राज्याची स्पर्धा, आणि त्याआधीचे सहा आठवडे तिच्या हाताला वजनांचा बार लागणार नव्हता. एप्रिलात ती जेवणाच्या टेबलावर म्हणाली होती, "सहा आठवडे उचललं नाही तर मी संपले. तुम्हाला काय त्याचं!" मॉमनं नवीन गुडघ्यावर हात फिरवला होता. दोन शस्त्रक्रिया, पाच महिने पलंगावर, आणि पलंगासमोर भिंतीवर चिकटवलेलं डोंगरातल्या तळ्याचं चित्र, जिथं जायचं होतं. डॅड एवढंच म्हणाला होता, "बघू."

बघू म्हणजे नाही, हे जगातल्या प्रत्येक पोराला कळतं.

सलायनापर्यंत काही झालं नाही. मॉम मागच्या सीटवर पाय लांब करून आडवी, मांडीवर बीरॉकचा डबा, कोबी आणि खिमा भरलेले ते बन गरम असेपर्यंत गाडीभर त्यांचा वास. डिलेनी पुढे, बापाशेजारी. गहू कापणीला आलेला, यंत्रं शेतातून धूळ उडवत चाललेली, आणि दक्षिणेकडून वारा. पश्चिम कॅन्ससमध्ये वारा हा काही विषय नसतो, तो असतोच. गाडी पश्चिमेला जात होती आणि वारा डाव्या कुशीत ढुशी देत होता. हेज गाव मागे पडल्यावर गुरांनी भरलेला एक लांब ट्रक शेजारून पुढे निघाला. आधी त्यानं हवेनं त्यांना बाजूला लोटलं, मग स्वतःकडे ओढलं, आणि त्याच क्षणी डिलेनीच्या बुडाखालची सीट सरकली. जोरात नव्हे. झोपेत कुणीतरी चादर ओढावी तशी. आरशात ट्रेलरचा पांढरा कोपरा दिसला, मग दिसेनासा झाला, बापाच्या बाजूच्या आरशात गेला असावा, मग परत आला, या वेळी जास्त बाहेर. गरुड तिच्याकडे बघून गेला. पुन्हा डावीकडे. मागून कुणीतरी शेपटीला धरून त्यांना झटकत होतं. मॉमच्या हातातली कॉफी उडाली. आणि डिलेनी आरशाकडे बघायची सोडून बापाच्या हाताकडे बघत राहिली. त्यानं ब्रेकवर पाय ठेवला नाही. डाव्या हातानं चाक नुसतं धरून ठेवलं आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं डॅशबोर्डखालची ती छोटी पट्टी सरकवली, जिनं फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. मागचं धूड आवळलं गेलं, दोनदा हिसकलं, सरळ झालं.

"वारा," व्हर्लिन म्हणाला.

"अगं बाई गं," मॉम मागून म्हणाली. "माझी कॉफी! डिलेनी, त्या कप्प्यात रुमाल असतील बघ, हॉटेलातले."

अंगठा. ती त्या अंगठ्याचा विचार करत होती. पट्टी सरकवायला अंगठा दुसरीकडून यावा लागला नव्हता. तो तिथंच होता. सलायनापासून, कदाचित विचिटापासून, तो अंगठा त्या पट्टीवर ठेवलेला होता, आणि ती इतका वेळ त्याला बापाची एक सवय समजत होती. ज्या माणसाला मागं काही आहे असं वाटतच नाही त्याचा अंगठा दोनशे मैल एका पट्टीवर कशाला बसून राहील? तिनं कप्पा उघडला. रुमालांच्या गठ्ठ्यात दोन चिठ्ठ्या होत्या, काट्यावर मिळतात तशा पिवळ्या, घडी घातलेल्या. रुमाल तिनं मागे दिले. चिठ्ठ्या मांडीवर, दाराच्या बाजूला, उलगडल्या. दोन्ही एकाच दिवशीच्या, नऊ दिवसांपूर्वीच्या, मध्ये पाऊण तास. तीन आकडे, पिकअपची पुढची चाकं, मागची चाकं, ट्रेलर, आणि खाली बेरीज. पहिल्या चिठ्ठीवर मागच्या चाकांपुढे ४१६० पौंड, त्याला पेन्सिलीचा गोल, आणि बापाच्या त्या बारीक, विमान कारखान्यातल्या अक्षरात 'हद्द ३८५०'. दुसऱ्या चिठ्ठीवर मागच्या चाकांपुढे ३८४०. त्याच्या शेजारी बरोबरची खूण. आणि खालची बेरीज दोन्हींवर जवळपास तीच.

म्हणजे काढलं काहीच नव्हतं. फक्त हलवलं होतं.

मग तिथं, ताशी साठ मैलांनी गव्हातून जाताना, तिला ती नऊ वर्षांची असतानाचा एक दिवस आठवला, कामगारांच्या घरच्यांना कारखाना दाखवतात तो. टेबलावर हलक्या लाकडाचं चिमुकलं विमान. व्हर्लिननं त्याच्या नाकावर नाणं चिकटवून ते सोडलं, ते सरळ जाऊन भिंतीला लागलं. मग तेच नाणं शेपटीला. "वजन तेवढंच आहे, बघ हं," तो म्हणाला, "फक्त जागा बदलली." विमानानं नाक वर केलं, डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, आणि कुणाच्या तरी सरबतात पडलं. सगळी पोरं खिदळली. ती सगळ्यात जास्त खिदळली, कारण तो तिचा बाप होता. विमानांचा भार कुठं आहे हे शोधून काढायचं, जास्त झालं तर लाल शेरा मारायचा, साहेब कितीही ओरडला तरी मारायचा, हा त्याचा धंदा होता, आणि तेव्हा तिला वाटायचं की जगातली सगळी विमानं तिच्या बापाला विचारून उडतात. तो माणूस पिकअपच्या पाठीवरचं ओझं उचलून ट्रेलरच्या शेपटीत टाकतो. काट्याला बरं दिसावं म्हणून. आणि स्वतःच स्वतःला बरोबरची खूण देतो! तिला हसू आलं, पण ते हसू तोंडाला लावून बघितल्यावर फार आंबट निघालं. तिनं मनातल्या मनात त्याला डॅड म्हणणं बंद केलं. व्हर्लिन. व्हर्लिन सूर्यफुलाच्या बिया चघळत होता आणि साली कागदाच्या पेल्यात थुंकत होता, थू, थू, शांतपणे, आणि अंगठा पट्टीवर.

"वाऱ्याचाच प्रश्न होता का रे?" मॉमनं विचारलं.

"दुसरं काय असणार?"

"नाही, म्हणजे घाटात..."

"घाटात वारा कमी असतो, रोंडा."

किती सहज. डिलेनी खिडकीला कपाळ टेकवून बसली. काच थरथरत होती. सहज खोटं बोलणाऱ्या माणसाबद्दल तिला एवढं काही वाटलं नसतं, मॅकेना दिवसाला दहा वेळा खोटं बोलते. पण हा माणूस आकड्यांच्या बाबतीत सोवळा होता. चार वर्षांपूर्वी, ती बारा वर्षांची, कारखान्यातल्या त्याच्या मित्राचं चार सीटचं विमान, रविवार, आणि व्हर्लिन धावपट्टीशेजारी वही घेऊन उभा. छोट्या विमानात चढायचं तर प्रत्येकानं वजन सांगायचं, हा नियम. मॉमनं गाणं म्हटल्यासारखं सांगितलं. वैमानिकानं पोटावर थाप मारून सांगितलं. तिच्याकडे वही वळली आणि ती म्हणाली, "एकशे दहा." तो तिच्याकडे क्षणभर बघत राहिला.  वहीत लिहिलं, आणि तिनं त्याच्या कोपराखालून वाचलं, १३५. वर गेल्यावर सगळे म्हणत होते, ती बघ आपली गल्ली, ते बघ तळं, आणि तिला काही दिसत नव्हतं. तिला फक्त जाणवत होतं की विमान तिचे ते पंचवीस पौंड घेऊन उडतंय आणि ते कुणी घातलेत हे एकाच माणसाला माहीत आहे. त्यानंतर दोन वर्षं ती ढगळ सदरे घालून हिंडली. मग शाळेच्या तळघरात ट्रेनर बाईंनी तिच्या हातात बार दिला. आता फळ्यावर तिच्या नावापुढे तिचं वजन खडूनं लिहिलेलं असतं, एकशे एकाहत्तर, आणि ते कुणी पुसलं तर ती स्वतः पुन्हा लिहिते. ती काट्यावर बूट काढून चढते आणि आकडा वाचणाऱ्या बाईंना म्हणते, मोठ्यानं वाचा की! तिच्या पाठीवरचा बार वाकतो तेव्हा कायला शिट्ट्या मारते. आणि हा, तिला बाराव्या वर्षी खऱ्याच्या काट्यावर चढवणारा हा, लॉयडसमोर म्हणतो, सगळं वजनात आहे.

ओकली गावाजवळ डिझेलसाठी थांबले. मोठा थांबा, ट्रकांच्या रांगा, पलीकडे काट्याची पाटी. व्हर्लिन नळी लावून उभा राहिला, आणि लगेच एक टोपीवाला म्हातारा स्वतःच्या ट्रेलरपासून चालत आला. ते येतातच.

"छान धूड आहे. कसं ओढतं?"

"मागं काही—" व्हर्लिन म्हणाला, आणि डिलेनी वाक्य पुरं व्हायच्या आत मागे चालायला लागली. ट्रेलरच्या अगदी टोकाला, धुळीनं माखलेल्या दोन दिव्यांच्या मध्ये, सामानाचं झाकण होतं. किल्ली पिकअपच्याच जुडग्यात, ती तिनं येतानाच काढून घेतली होती. तिला वाटलं होतं, आत विजेचं जनित्र असेल, अवजारांची पेटी असेल. ती होतीच. आणि त्यांच्या मागे, भिंतीला पट्ट्यांनी आवळून, बदकांच्या चित्राचा तिचा लहानपणचा पिवळा टॉवेल गुंडाळलेलं काहीतरी. टॉवेल तिनं बोटानं बाजूला केला. काळं लोखंड. घरच्या गॅरेजमधल्या तिच्या वजनाच्या प्लेटा. सगळ्या. पंचेचाळीस पौंडांच्या चार, पंचवीसच्या चार, बारीक सगळ्या, आणि कोपऱ्यात तिरपा घातलेला बार, टोकांना मोजे चढवलेले, खडखडू नये म्हणून. गॅरेजमधून त्या गेल्याचं तिला कळलंसुद्धा नव्हतं. रागारागानं ती दहा दिवस गॅरेजकडे फिरकलीच नव्हती.

ती उभी राहिली. डिझेलचा वास, वारा, कुठंतरी ट्रकातली गुरं हंबरत होती. बघू. बघू म्हणजे हे. तिच्या छातीत काहीतरी मऊ व्हायला लागलं आणि तिनं ते लगेच दाबलं, कारण मोज्यांचा विचार करायचा म्हटला की त्याच्या पाठोपाठ आरशातला तो पांढरा कोपरा येत होता. मोजे चढवायला वेळ मिळाला. टॉवेल शोधायला माळ्यावर चढला असणार. पट्ट्या किती नीट ओढल्यात! आणि एवढी माया करून ठेवली कुठं, तर बरोबर शेपटीत, जिथं ठेवू नये हे त्यानंच तिला नाणं घेऊन शिकवलं होतं. म्हणजे गुरांचा ट्रक गेला तेव्हा मागून झटकत होतं ते तिचंच वजन. पुन्हा एकदा त्यानं तिचं वजन तिला न सांगता कुठंतरी लिहिलं होतं. या वेळी खोटं.

तिनं पट्ट्या सोडल्या. दोन हातांत दोन प्लेटा घेतल्या, पंचेचाळीसच्या, आणि हवा भरायच्या यंत्रापाशी नेऊन रचल्या. परत आली. पुन्हा दोन. शेजारच्या ट्रकमधला ड्रायव्हर पायरीवर बसून सँडविच खात होता.

"ए पोरी, हा ट्रेलर आहे की व्यायामशाळा?"

"व्यायामशाळा. आत शेकोटीपण आहे."

तो ठसका लागेपर्यंत हसला. चौथ्या खेपेला व्हर्लिन आला. टोपीवाला म्हातारा त्याच्यामागे दोन पावलं येऊन थांबला, आणि या माणसांना कधी कधी कळतं तसं कळून परत फिरला.

"ते ठेव आत," व्हर्लिन म्हणाला. "ते तुझ्यासाठी... डोंगरात गेल्यावर दाखवणार होतो. तुला स्पर्धा आहे ना? तूच म्हणालीस."

"मी म्हणाले."

"मग?"

तिनं खिशातून चिठ्ठ्या काढून जनित्रावर ठेवल्या. वारा उडवेल म्हणून वर अडीचची एक बारीक प्लेट ठेवली. व्हर्लिननं त्या उचलल्या नाहीत. त्याला त्या उचलायची गरज नव्हती. तो एवढंच म्हणाला, अगदी हळू, कारखान्यात बोलतो त्या आवाजात, "मागचं काढलंस तर ट्रेलर पुढे झुकतो, जोडावरचा भार वाढतो, डिलेनी. पिकअपची मागची चाकं पुन्हा हद्दीबाहेर जातात. मी सगळं करून बघितलंय. चार रात्री मांडलंय. ही पिकअप या ट्रेलरला पुरत नाही. कसंही रचलं तरी नाही. एवढी एकच मांडणी आकड्यात बसते."

"आकड्यात बसते आणि रस्त्यात बसत नाही."

"सावकाश गेलं तर—"

"तुझा अंगठा सावकाश जाईल का?"

त्यानं आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, जणू कुणी दुसऱ्याचा त्याच्या बाहीला शिवला होता. त्याच्या खालच्या ओठाला सूर्यफुलाची एक साल चिकटली होती. ही साल बघून डिलेनीला त्याचा जेवढा तिटकारा आला तेवढा दिवसभरात आला नव्हता, आणि त्याच वेळी ती बोटानं काढून टाकावी असंही तिला वाटलं, आणि या दुसऱ्या वाटण्याचा तिला पहिल्यापेक्षा जास्त तिटकारा आला. चार रात्री. स्वयंपाकघरात दिवा जळत असायचा ते हे होतं. शेवटी त्यानं काय केलं, तर आकड्याला गप्प केलं. कारण खरा आकडा आला असता तर पलंगासमोरच्या चित्राचं काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. तेवीस वर्षं साहेबांना नाही म्हणणाऱ्या माणसाला घरात एकदा नाही म्हणता आलं नाही. दोघींनाही. किती भित्रा. किती भित्रा माणूस आहे हा, आणि आपण त्याच्या विमानांवर विश्वास ठेवत होतो.

"काय चाललंय तुमचं?" मॉम काठी टेकत ट्रेलरच्या कडेनं येत होती, एका हातात अर्धा बीरॉक. तिनं हवेच्या यंत्राशेजारची लोखंडाची चवड बघितली, बदकांचा टॉवेल बघितला, चिठ्ठ्या बघितल्या. "व्हर्लिन? कसले आकडे आहेत हे?"

 व्हर्लिनचं तोंड उघडलं होतं, आणि डिलेनीला स्वच्छ दिसलं की त्यात वाऱ्याविषयी एक वाक्य तयार होतंय.

"मी सांगते," ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, ट्रकवाल्यानं सँडविच खाली धरलं, आणि तिनं तो बारीक केला नाही. "मॉम, आपण वजनात नाही. डॅडला नऊ दिवस माहीत आहे. मघाशी झालं ते वाऱ्यानं नाही झालं, शेपटीतल्या ओझ्यानं झालं, आणि त्यातलं अर्धं माझं आहे. आता ऐका दोघं. मी ठरवलंय. या प्लेटा इथंच राहणार. मी मॅकेनाला फोन करते, तिचा बाप मंगळवारी या रस्त्यानं रिकामा परततो, तो नेईल. स्पर्धेचं माझं मी बघीन, दगड उचलीन. जनित्र आणि पेटी परत पुढे, पिकअपमध्ये. मग ती पाटी दिसतेय ना, त्या काट्यावर आपण तिघंही गाडीत बसून चढायचं. आणि डॅड, तुझी वही काढ, मॉमचं वजन मॉमला विचार, आणि माझं लिही एकशे एकाहत्तर. मी सांगते म्हणून लिही, अंदाजानं नाही. चिठ्ठी आली की ती मी वाचणार, इथं उभं राहून, मोठ्यानं. जास्त आली तर हा डबा घाटात जाणार नाही. तो इथल्या गव्हाच्या शेजारी उभा राहील नाही तर घरी जाईल, आणि मॉम, तुझ्या तळ्याला मी तुला नुसत्या पिकअपमधून नेईन, तंबू घेऊन, चालवायचं लायसन्स मला मिळालंय. पण तो डबा जोडलेला असताना मी या गाडीत बसणार नाही, आणि तुम्हालाही बसू देणार नाही."